पाऊस कोयनेला, पाणी सांगलीला

सांगलीच्या माणसाला जुलै-ऑगस्टात एक खोड लागते. सकाळी उठून चहाचं आधण ठेवलं की पहिला प्रश्न, आयर्विनला पाणी किती? आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथल्या पट्टीवर पाण्याची उंची कळते. दारात लख्ख ऊन असलं तरी विचारायचंच. कृष्णेचं पाणी काही आमच्या एकट्याच्या पावसावर चढत नाही. पाऊस कोसळतो तिकडे महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या पाणलोटात. धरणाचे दरवाजे किती फूट उचलले, किती क्युसेक सोडलं, अशी बातमी येते आणि इकडे घाटाच्या कोरड्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. गावभागातल्या पोरांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. हे इतकं सरळ लिहायला मला चौदा वर्षं लागली.

आमच्या घरात दोन आजार आहेत. एक नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि एक माझा. नानांचा आजार सगळ्या गल्लीला माहीत आहे. २००३ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली. नाना तेव्हा एका अडत दुकानात दिवाणजी होते. राजापुरी हळदीच्या ढिगासमोर ते खाली बसले, हमालांनी उचलून रिक्षात घातलं. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरी पाहुण्यांचा राबता होता. नारळपाणी, मोसंबी, ‘दिवाणजी, आता जीवाला जपा’ असा प्रेमळ दम. नाना खाटेवर बसून प्रत्येकाला कळ कुठून कुठे गेली ते हाताने दाखवायचे आणि माणसं मान खाली घालून ऐकायची. आज ते ७४ वर्षांचे आहेत आणि ती कळ अजून तितक्याच बारकाईने सांगतात.

माझं तसं झालं नाही. २०११ मध्ये मला पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा मी २९ वर्षांची होते, मुलगा चार वर्षांचा. आधी मूळव्याध ठरली. वर्षभर मूळव्याधीचे मलम, चूर्णं, ताक, इसबगोल. मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि नाव कळलं. दवाखान्यातून परत येताना आई रिक्षात माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मूळव्याधच सांग लोकांना. एवढं सविस्तर कशाला?” आईचा राग आला नाही, आजही येत नाही. तिला माझी लाज वाटत नव्हती, माझ्यासाठी भीती वाटत होती. पण त्या दिवसापासून माझ्या आजाराला खोटं नाव मिळालं आणि ते मीही वापरू लागले.

आपल्या भाषेत पोटाला किती मान आहे बघा. पोटचं लेकरू, पोटाशी धरलं, पोटात माया, अपराध पोटात घालणं. पण हे पोट बहुधा बेंबीच्या वरचं असावं. त्याच्या खाली जे आहे, जिथे अन्नाचं पाणी आणि पाण्याचं रक्त व्हायचं काम संपत येतं, त्याबद्दल आपण बोलत नाही. छातीवर हात ठेवून आजार सांगता येतो. माझा आजार सांगायला हात कुठे ठेवायचा?

त्यामुळे मी व्यवस्था लावली. मी एका माध्यमिक शाळेत शिकवते. नववीचा वर्ग दरवर्षी मागून घेते, कारण तो जिन्याखालच्या संडासापासून सर्वांत जवळ आहे. सहलीला मी कधी गेले नाही. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पंक्तीला बसून निघून येते. सांगली-मिरजेत कुठल्या दुकानदाराला विनंती केली तर तो आत जाऊ देतो, हे मला गल्लीनिहाय पाठ आहे. नवऱ्याला सगळं माहीत होतं, सासूबाईंना मूळव्याध माहीत होती, शाळेत काहीच नाही.

माझ्यासारखी माणसं कमी नाहीत. या आजाराला एक बहीणही आहे, क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही सूज आणू शकतो. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला आणि आडनावांच्या क्रमात पहिलं असलेलं नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे तो आतड्याच्या क्षयासारखा इतका हुबेहूब दिसतो की अनेकांना आधी क्षयाची औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. दोन्ही मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. आयबीएस वेगळं. त्यात आतडं रुसतं, पण त्याला जखम होत नाही. दोन्हींत एका अक्षराचा फरक असल्याने लोक गल्लत करतात आणि “टेन्शन घेऊ नका, होईल बरं” असं म्हणून मोकळे होतात. हे आजार गोऱ्या लोकांचे, असं बरीच वर्षं समजलं जायचं. पंजाबात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल २००३ साली आला, त्यात लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. त्याच वर्षी नाना हळदीच्या ढिगासमोर खाली बसले होते. दोन्हींचा संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ते साल तसं कोरलं गेलंय.

आता २०१९ चा ऑगस्ट.

त्या वर्षी मार्च-एप्रिलपासून मी गोळ्या बंद केल्या होत्या. मेसालामाइनच्या रोजच्या मोठ्या गोळ्या. वर्षभर काही त्रास नव्हता, आणि बरं असताना रोज औषध घेणं म्हणजे रोज सकाळी स्वतःला ‘तू आजारी आहेस’ असं सांगणं. त्यात मी हळदीच्या गावची. रात्री हळदीचं दूध, सकाळी हळद-मिरीची गोळी. नानांना तर हळदीच्या गुणाविषयी शंका काढलेली खपत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवर खरोखरच प्रयोग झालेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेल्यांना त्याचा फायदाही दिसला. पण ते दिवसाला ३ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन होतं आणि मेसालामाइन चालू ठेवून दिलेलं होतं. दुधातल्या चमचाभर हळदीत त्याचा अगदी थोडा अंश असतो. हे मी नंतर वाचलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं. ४५ गेलं, ५० गेलं. २००५ च्या पुराची खूण बुडाली तेव्हा गावभागातलं आमचं घर सोडून आम्ही विश्रामबागेत, नवऱ्याच्या मावसभावाच्या घरी गेलो. दोन खोल्या, चौदा माणसं, एक संडास. त्या माणसांनी आम्हाला जे दिलं त्याचे उपकार फिटणार नाहीत. पण चौदा जणांत एक संडास म्हणजे माझ्यासाठी काय होतं, हे मी त्यांना सांगू शकले नाही. दुसऱ्याच दिवशी पोटात मुरडा सुरू झाला, तिसऱ्या दिवशी रक्त दिसलं. मी खाणं कमी केलं. मग पाणीही कमी केलं. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, असा माझा हिशेब. भिंतीशी पाय आखडून तासन्‌तास बसून राहायचे, कारण उठलं की कुणी तरी विचारणार, “परत?” त्या दिवसांत निम्म्या सांगलीला जुलाब होत होते, त्यामुळे माझे जुलाब ‘पुराच्या पाण्याचे’ ठरले आणि मला आयतं पांघरूण मिळालं.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला आम्ही घरी गेलो. गुडघाभर काळा, ओशट, कुजका वास मारणारा चिखल. खराट्याने, पाट्यांनी, हातांनी काढला. संध्याकाळी सगळ्यांचेच पाय भरून यायचे. म्हणून माझी डावी पोटरी दुखायला लागली तेव्हा कुणालाच वेगळं वाटलं नाही, मलाही नाही. मदत केंद्रातल्या डॉक्टरांनी विचारलं, “आधीचा काही आजार?” सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, नाही. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिल्या नसत्या. अशा गोळ्यांनी माझ्यासारख्याचं आतडं आणखी बिघडू शकतं. त्यात त्यांची चूक नव्हती. रात्री आत्यांनी गरम तेलाने पोटरी चोळून दिली. किती मायेने दिली! आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, “आई, तुझा एक पाय मोठा झालाय.” बारा वर्षांच्या पोराला जे सरळ दिसलं ते आम्हा मोठ्यांना दिसलं नव्हतं. डाव्या पायाची कातडी ताणून चकाकत होती, स्पर्शाला गरम.

मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, नाडी मोजली आणि सासूबाईंना म्हणाल्या, “आजी, जरा बाहेर बसता का, मला यांना तपासायचंय.” पडदा ओढला आणि हळू आवाजात विचारलं, “रक्त कुठून जातंय?”

मी रडले आणि सगळं सांगितलं.

डॉपलर सोनोग्राफीत पोटरीपासून गुडघ्याच्या वर, मांडीच्या शिरेपर्यंत रक्ताची गुठळी निघाली. तिचा एखादा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला असता तर मी हे लिहायला नसते. चोळलेल्या पायातून तो सुटला नाही, ही निव्वळ दैवाची गोष्ट. त्याच दिवशी पोटावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं, हेपॅरिनचं. इथे माझा नवरा पहिल्यांदा डॉक्टरांशी आवाज चढवून बोलला. “हिला दिवसाला दहा वेळा रक्त पडतंय, हिमोग्लोबिन ८ वर आलंय, आणि तुम्ही रक्त पातळ करायला निघालात?”

त्याचं म्हणणं कुणालाही पटेल असंच होतं. रक्त वाहतंय म्हणजे ते पातळच असणार, असंच आपण धरून चालतो. पण या आजारात रक्त एकाच वेळी आतड्यातून वाहत असतं आणि शिरेत गोठत असतं. म्हणून कोलायटिसचा जोराचा झटका घेऊन कुणी दवाखान्यात भरती झालं, तर पायात गुठळी नसतानाही, फार मोठा रक्तस्राव नसेल तर, गुठळी होऊ नये म्हणून ही इंजेक्शनं द्यावीत असं जगभरचे पोटाचे डॉक्टर मानतात. माझ्या बाबतीत तर गुठळी झालेलीच होती.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला खुर्चीत बसवून समजावलं. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर कृष्णा येत होती. सूज आतड्यात असते, पण सुजेतून सुटणारी रसायनं रक्तात उतरतात. ती यकृतापर्यंत जातात. यकृत त्या सांगाव्याला उत्तर म्हणून सीआरपी नावाचं प्रथिन ओततं, आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही जास्त तयार करतं. रक्तातल्या प्लेटलेट्स वाढतात. रक्तवाहिन्यांचं आतलं गुळगुळीत अस्तर खडबडीत, चिकट व्हायला लागतं. त्यात माणूस पाणी पीत नाही, हालत नाही. १८५६ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी शिरेत गुठळी का होते याची जी मांडणी केली, तिच्यावरून आजही तीन कारणं शिकवतात: रक्ताचा प्रवाह मंदावणं, वाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. विश्रामबागेच्या त्या दोन खोल्यांत, भिंतीशी पाय आखडून, घशाला कोरड पाडून मी तिन्ही गोळा करत बसले होते. पाऊस कोयनेला पडत होता आणि मला वाटत होतं, सांगलीत तर ऊन आहे.

आयबीडी असलेल्यांत शिरेतल्या गुठळीचं प्रमाण इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतं. आजार उसळलेला असताना ते त्याहून कितीतरी चढतं. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून निघालेल्या अभ्यासात ते आठपटीच्या घरात गेलेलं दिसलं.

पण गुठळी ही शिरांची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट धमन्यांची, म्हणजे नानांची. ती मला भरती असताना सहाव्या दिवशी कळली. फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला हार्टचा त्रास?” मी म्हटलं, वडिलांना. “किती वर्षांचे असताना?” ५२. त्यांनी कागदावर त्या आकड्याभोवती गोल केला. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो तुमच्याही खात्यावर मांडतात. मी म्हटलं, “पण माझं कोलेस्टेरॉल १२८ आहे, सर.” मला त्या आकड्याचा अभिमान होता. नानांचं २४० होतं. सर म्हणाले, “आग लागलेल्या घरात तिजोरी मोजू नका. सूज भडकलेली असताना कोलेस्टेरॉल खाली दिसतं. आतडं शांत झाल्यावर परत करा, तेव्हाचा आकडा खरा.”

तीन महिन्यांनी, सगळं शांत झाल्यावर केलं. १९६ आलं.

हृदयविकाराचा आकडा गुठळीइतका भीतीदायक नाही, आणि तो फुगवून सांगणं मला बरोबर वाटत नाही. आयबीडी असलेल्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघाताचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त दिसतं. समजा शंभरातल्या पाच जणांना व्हायचा असेल तर सहा जणांना. पण हा जादा वाटा तरुणांत आणि बायकांत अधिक उठून दिसतो, म्हणजे ज्यांच्या छातीत दुखलं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडून दिलं जातं, त्यांच्यातच. शिवाय आपण भारतीय लोक हृदयविकाराच्या बाबतीत मुळातच लवकर गाठले जातो. तरुण वयात एकूण धोका थोडाच असतो हे खरं, पण तो थोडा धोका कुणी शोधतच नसेल तर त्या थोडक्यांचं काय?

मला सर्वांत जास्त धरून ठेवलं ते डेन्मार्कच्या एका अभ्यासाने. त्या देशात प्रत्येक नागरिकाच्या आजाराची, औषधाची नोंद असते. २०१३ साली त्यांनी त्या नोंदी चाळल्या आणि दिसलं ते असं, की आजार उसळलेला असतो त्या काळात हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात, आणि आजार शांत असतो त्या काळात धोका जवळजवळ इतरांसारखाच होतो. मी हे वाचलं तेव्हा गोळ्या सोडलेले ते चार महिने आठवले. मला वाटत होतं की मी फक्त पोटाशी खेळतेय.

आतड्याचा आणि हृदयाचा हा संबंध तसा जुन्या कागदांतही आहे. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कोलायटिसवर कॉर्टिसोन हे स्टेरॉइड वापरून पाहिलं आणि झटका किती तीव्र आहे हे ओळखायची एक कसोटी ठरवली. ती आजही वापरतात. दिवसाला ६ किंवा जास्त वेळा रक्तासकट शौच, आणि सोबत ताप, पंडुरोग, वाढलेला ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) किंवा मिनिटाला ९० च्या वर नाडी. नाडी! आतड्याचा आजार मोजायला त्यांनी मनगट धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी मोजली तेव्हा ती ११२ होती. मी ‘नाही’ म्हणत होते आणि मनगट ‘हो’ म्हणत होतं.

आणि नानांच्या बाजूनेही पूल आहेच. हृदयविकार म्हणजे नळात चरबी साचणं, असं आपल्याला शाळेत शिकवलं, मीही वर्गात तसंच शिकवलंय. पण धमनीच्या भिंतीतला तो थर फुटतो तेव्हा त्याच्या मुळाशी पुष्कळदा सूज असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १० हजारांवर लोकांपैकी काहींना फक्त सूज दाबणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल हललं नाही, तरी पुढचे झटके साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले. ते औषध हृदयासाठी रूढ झालं नाही, जंतुसंसर्गाने मृत्यूचा धोका त्यात थोडा वाढत होता आणि किंमत अफाट होती. पण नानांच्या धमनीतली सूज आणि माझ्या आतड्यातली सूज एकाच बोलीत बोलतात, एवढं त्यातून माझ्या मनात पक्कं झालं.

औषधांचंही असंच दुधारी आहे. स्टेरॉइडने मला चार दिवसांत उभं केलं, पण महिन्याभरात चेहरा भाकरीसारखा गोल झाला, रक्तदाब १५० वर गेला आणि साखर चढली. म्हणून ते लवकरात लवकर उतरवत बंद करायचं असतं, आणि म्हणूनच ते दुकानातून स्वतःच आणून ‘जरा त्रास वाटला की घेणाऱ्या’ माणसांची मला काळजी वाटते. अशी माणसं मला भेटतात. पुढे काही वर्षांनी मिरजेत ड्रिप घेताना शेजारच्या खाटेवरचा मुलगा टोफासिटिनिब नावाच्या, कोलायटिसवरच्याच गोळ्यांवर होता. त्या आपल्याकडे इतर भारी इंजेक्शनांपेक्षा खूप स्वस्तात मिळतात. मी डॉक्टरांना विचारलं, मला का नाही? तर त्या औषधाबाबत २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुठळी आणि हृदयविकाराचा कडक इशारा दिला होता. तो इशारा संधिवाताच्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांवरच्या चाचणीतून आलेला, त्या तरुण मुलाला ते चालत होतं. पण माझ्या पायात गुठळी होऊन गेलेली, घरात ५२ व्या वर्षीचा झटका. त्याच्यासाठी योग्य ते माझ्यासाठी नव्हे. फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत उलट असं दिसलंय की टीएनएफ नावाच्या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांत धमन्यांचे झटके कमी होते. म्हणजे पोटाच्या डॉक्टरांनी औषध निवडताना छातीचा विचार करायचा असतो, आणि तो त्यांना करता यावा म्हणून आपण त्यांना वडिलांचं वय सांगायचं असतं.

तंबाखूचंही विचारलं होतं, मिश्रीसकट. मी लावत नाही, सासूबाई लावतात. आमच्या भागात निम्म्या बायकांची सकाळ तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या वासाने सुरू होते. कोलायटिसच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट आहे: सिगारेट सोडल्यावर काहींना हा आजार पहिल्यांदा उद्भवतो, त्यामुळे ‘तंबाखू पोटाला बरी’ असं म्हणणारे भेटतात. क्रोन्समध्ये तीच सिगारेट आजार चिघळवते, आणि हृदयाच्या बाबतीत तर तंबाखूला कुठलीच सवलत नाही.

नऊ दिवसांनी मी घरी आले. पुढे कित्येक महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालल्या, कोलायटिसच्या तर कायमच्या. आत्यांना सगळं समजलं तेव्हा त्या माझा पाय मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. चोळल्याचं त्यांना किती लागलं असेल! चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आठ वर्षं एका घरात राहून मला मूळव्याधच सांगितलीस व्हय?” त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

नानांना सांगणं सर्वांत अवघड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची गोष्ट काढली. हरिपुरात जमिनीत खोल पेवं असायची, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. नाना तरुणपणी पेव उघडायला जायचे. तोंड फोडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत. आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. आधी उघडं ठेवायचं, वारा खेळू द्यायचा. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. “बंद तोंडाचं होतं म्हणून कळलंच न्हाई, पाणी कवा आत आलं,” नाना म्हणाले आणि उठून आत गेले.

आता दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं मिळून मिरजेला जातो. त्यांचा ईसीजी, माझा सीआरपी. त्यांची साखर, माझी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी, जिच्यात आतड्याची सूज त्रास व्हायच्या आधीच दिसते. ती माझी आयर्विनची पट्टी. दोघांचा रक्तदाब, दोघांचं कोलेस्टेरॉल. पावसाळ्यात नाना सकाळी पेपर उघडून आधी कोयनेचा विसर्ग वाचतात आणि मग मला हाक मारतात, “गोळी घेतलीस का?”

परवा जूनमध्ये असेच गेलो. शहर बसमध्ये गर्दी होती. समोरच्या सीटवर एक बाई, मांडीवर फायलीची पिशवी. तिने नानांना विचारलं, “तुमचं हार्टचं का?”

“माझं हाय जुनं,” नाना म्हणाले. मग माझ्याकडे हात करून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा त्यांच्या सौद्यातल्या आवाजात, “पण ही माझी पोरगी. हिच्या आतड्याला सूज येती. परसाकडला रक्त पडतं. त्यानं रक्ताच्या गुठळ्या व्हत्यात, हृदयाला बी धोका असतोय. म्हणून दोघं बी तपासून येतो.”

माझे कान तापले. पुढच्या सीटवरचा कॉलेजचा पोरगा वळून बघून पुन्हा खिडकीकडे वळला. कंडक्टर तिकीट फाडत होता. बस चालतच राहिली.

ती बाई थोडा वेळ काही बोलली नाही. मग पुढे वाकून तिने मला विचारलं, “ताई, तुम्हाला पहिल्यांदा काय म्हणून सांगितलेलं? मूळव्याध?”

“हो. वर्षभर.”

“माझ्या धाकटीला सात महिने झाले. बारावीला हाय. घरात कुणाला सांगत न्हाई ती, मलाच चादरीवर दिसलं.”

नाना उठले, वरचा दांडा धरला आणि तिला म्हणाले, “या, इथं बसा हिच्याजवळ.”